किलियन मर्फी लॉ सोडून नट झाला, हे कितपत खरं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एकांकिकांच्या तालमींपायी लेक्चरं बुडवते, आणि तुम्ही काही बोललात की ‘ओपनहायमर’वाल्या सिलियन मर्फीचा दाखला देते. त्यानेही लॉ सोडलं, तोही कुठल्या अभिनयशाळेत गेला नाही, तरी ऑस्कर घेऊन आला. यात तथ्य किती आणि त्याची सुरुवात नेमकी कशी झाली, हे तुम्हाला हवंय. मी सव्वीस वर्षं नाटकं बसवतोय, त्यातली सतरा-अठरा नवख्या नटांना शिकवण्यात गेली. हा दाखला वर्षातून दोनदा तरी माझ्यासमोर येतो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी नाव. आपल्याकडे सर्रास ‘सिलियन’ छापतात, पण आयरिश भाषेत ‘C’ या अक्षराचा ‘स’ होत नाही, कायम ‘क’. म्हणून किलियन. मुलीला हे सांगा, निदान दाखला तरी शुद्ध उच्चारात द्यावा.

दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची. त्याने लॉ सोडलं नाही. तो पहिल्या वर्षाला नापास झाला. त्या अभ्यासात त्याचा जीव नव्हता, हे त्याने स्वतःच कबूल केलंय. ‘सोडलं’ म्हटलं की कसं बाणेदार वाटतं. प्रत्यक्षात वीस वर्षांच्या एका पोराचा निकाल लागला होता आणि घरी तोंड दाखवायची पंचाईत होती. तीही कुठल्या घरात? वडील आयर्लंडच्या शिक्षण खात्यात, आई फ्रेंचची शिक्षिका, आजोबा मास्तर, नात्यातली निम्मी माणसं शाळेत शिकवणारी. चार भावंडांत हा थोरला. आपल्याकडच्या शिक्षकांच्या घरात वाढलेल्यांना यापुढचं वर्णन लागणार नाही.

जन्म २५ मे १९७६ चा, कॉर्कचा. कॉर्क हे आयर्लंडच्या दक्षिणेचं बंदर, डब्लिनखालोखालचं शहर, आणि डब्लिनपुढे मान तुकवायची नाही हा तिथला जुना बाणा. बोलीला चढउतार इतका की अनोळखी माणसाला वाटावं, हे लोक बोलता बोलता गाताहेत. मुलगा प्रेझेंटेशन ब्रदर्स कॉलेज नावाच्या शाळेत होता. नावात कॉलेज असलं तरी ही मुलांची माध्यमिक शाळा, अभ्यास आणि रग्बी या दोन गोष्टींना मान. रग्बी न खेळणाऱ्या, गाणी लिहिणाऱ्या मुलाला अशा ठिकाणी कोपरा शोधावा लागतो. त्याला तो दोन माणसांनी दिला. इंग्रजी शिकवायला विल्यम वॉल होते, जे स्वतः कवी आणि कादंबरीकार. त्यांनी याच्यातला नट ओळखला होता. दुसरे पॅट कियर्नन, ‘कॉर्काडोर्का’ या कॉर्कमधल्या नाटक कंपनीचे दिग्दर्शक, जे शाळेत नाटकाची कार्यशाळा घ्यायला आले होते. अंगात पहिल्यांदा वीज संचारली ती तिथे. पण डोक्यात होतं रॉकस्टार व्हायचं, त्यामुळे ती वीज परत गिटारकडे वळली.

बँडची गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात, मला ती फार गंभीर वाटते. धाकट्या भावाबरोबर त्याचा बँड होता, नाव फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराच्या एका रचनेवरून घेतलेलं: सन्स ऑफ मिस्टर ग्रीन जीन्स. हौशी पोरांचा कारभार म्हणावा तर लंडनच्या ‘अ‍ॅसिड जॅझ’ या रेकॉर्ड कंपनीने पाच अल्बमचा करार पुढे केला. करार झाला नाही. भाऊ अजून शाळेत होता, घरच्यांची तयारी नव्हती, आणि थोड्या पैशात गाण्यांचे हक्क कंपनीच्या हवाली करावे लागणार होते. म्हणजे हा मुलगा नाटकात आला तेव्हा त्याला ताल कळत होता, गर्दीसमोर उभं राहायची सवय होती, आणि माइकसमोर श्वास कुठे घ्यायचा हे ठाऊक होतं. नट म्हणून तो कोरा नव्हता, हे लक्षात ठेवा.

आणि मग १९९६ चा ऑगस्ट. लॉचा निकाल, हातून गेलेला करार, पुढे जिच्याशी लग्न झालं त्या मुलीची भेट, आणि एका नव्या नाटकात मिळालेलं काम. हे सगळं एका महिन्यात घडलं, असं तो सांगतो.

नाटक मिळालं कसं, तर मागे लागून. कॉर्कमध्ये सर हेन्रीज नावाचा नाइटक्लब होता. १९९१ मध्ये निर्वाना हा अमेरिकन रॉक बँड तिथे वाजवून गेला होता, तेव्हा त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्या क्लबमध्ये कियर्नननी ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ बसवलं. रंगमंच नाही, पडदा नाही, प्रेक्षक उभे आणि नट त्यांच्या अंगावरून जाताहेत. मर्फीने ते पाहिलं आणि कियर्ननच्या मागे लकडा लावला, मला एकदा बघा तरी. कियर्नननी पाहिलं. एंडा वॉल्श नावाचा तरुण नाटककार कंपनीसाठी दोनच पात्रांचं नवं नाटक लिहीत होता. ‘डिस्को पिग्ज’. मुलगा म्हणून मर्फी, मुलगी म्हणून आयलीन वॉल्श. (आडनाव एकच असलं तरी नाटककार वेगळा, नटी वेगळी.)

इथे थोडं थांबतो, कारण तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर या नाटकात आहे.

एकाच दिवशी, एकाच इस्पितळात जन्मलेली दोन मुलं. शेजारी वाढलेली. एकमेकांना पिग आणि रंट म्हणतात. रंट म्हणजे डुकराच्या वेतातलं सगळ्यांत अशक्त पिल्लू. दोघांनी मिळून स्वतःची भाषा केली आहे: कॉर्कची गल्लीतली बोली, तान्ह्या बाळाचे बोबडे शब्द, डुकरांचे आवाज, सगळं एकात एक कालवलेलं. आपल्या शहरालाही ती ‘पोर्क सिटी’ म्हणतात. सतरावा वाढदिवस येतो, मुलीला जगाकडे बघावंसं वाटू लागतं, मुलाला ते सहन होत नाही, आणि गोष्ट रक्तापर्यंत जाते. रंगमंचावर सामान जवळजवळ काही नाही. डिस्को, टॅक्सी, समुद्र, मारामारी, सगळं दोन शरीरांतून आणि त्या अर्धवट भाषेतून उभं करायचं.

काही वर्षांपूर्वी मी वर्गात एक प्रयोग करून पाहिला. दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि सांगितलं, आठवडाभरात तुमची अशीच एक खासगी भाषा तयार करा, मराठीतून. एक जोडी सोलापूरकडची, एक सावंतवाडीची, एक ठाण्याची. शब्द सगळ्यांनी भरपूर आणले. ठाण्याच्या जोडीने तर वहीत कोश लिहून आणला होता. पण बोलायला लागले की तीन मिनिटांत दम संपायचा, कारण शब्द डोक्यातून येत होते आणि वाक्य कुठे संपतं हे शरीराला ठाऊक नव्हतं. सावंतवाडीच्या दोघी मात्र दहा मिनिटं न अडखळता बोलल्या. विचारल्यावर कळलं, त्या मावसबहिणी होत्या आणि लहानपणी घरच्यांना कळू नये म्हणून खरंच तशी भाषा बोलायच्या. त्यांच्यातली एक बोलताना दुसरीचा श्वास चालू असायचा. ‘डिस्को पिग्ज’सारख्या संहितेला हेच लागतं आणि ते दोन-तीन महिन्यांच्या तालमीत येत नाही. ते येतं प्रयोगांतून.

मर्फीला प्रयोग मिळाले. सप्टेंबर १९९६ मध्ये कॉर्कच्या ट्रिस्केल आर्ट्स सेंटरमध्ये नाटक उभं राहिलं तेव्हा बेत तीन आठवड्यांचा होता. नंतर डब्लिन, एडिंबरा, लंडन, युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. दीड वर्षाच्या वर हा दौरा चालला. पूर्वी कधी व्यावसायिक रंगमंचावर पाऊल न ठेवलेला मुलगा एकच भूमिका, एकाच नटीसमोर, दर रात्री वेगळ्या प्रेक्षकांपुढे करत होता. त्यातल्या कित्येकांना कॉर्कची बोली कळतसुद्धा नसणार. शब्द कळत नसलेला प्रेक्षक धरून ठेवायचा असेल तर काय करावं लागतं, हे आपल्याकडे परप्रांतात नाटक घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा. तुमची मुलगी म्हणते ‘अभिनयशाळेत गेला नाही’. माझ्या मते तो गेला. वर्ग दोन विद्यार्थ्यांचा होता आणि परीक्षा रोज रात्री होती.

नशीबही होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९९६ साली आयर्लंडची लोकसंख्या ३६ लाख. एवढ्याशा देशात १९८७ साली खर्चकपातीत फिल्म बोर्ड बंद पडलं होतं. १९९३ मध्ये मायकल डी. हिगिन्स या कवी असलेल्या सांस्कृतिक मंत्र्याने ते पुन्हा सुरू केलं. हेच पुढे आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधी ‘माय लेफ्ट फूट’ आणि ‘द क्राइंग गेम’ या आयरिश चित्रपटांनी बाहेरच्यांचं लक्ष वेधलेलं होतंच. त्यामुळे मर्फी दौऱ्यावरून परतला तेव्हा देशात चित्रपट बनत होते, चेहरे हवे होते. दहा वर्षं आधी जन्मला असता तर कदाचित लंडनला जाऊन इंग्रजी मालिकांमध्ये आयरिश गुंडाची कामं करत बसला असता.

पुढची तीन-चार वर्षं छोट्या भूमिका, लघुपट, नाटकं, बीबीसीची एक मालिका. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, सगळे करतात तेच. २००१ मध्ये ‘डिस्को पिग्ज’चा चित्रपट झाला, दिग्दर्शन कर्स्टन शेरिडनचं. मर्फी त्यात पिग होता. रंटच्या भूमिकेत मात्र दुसरी नटी, इलेन कॅसिडी. आयलीन वॉल्शने तेच नाटक, तेवढेच दिवस, त्याच्याइतकंच केलं होतं. तिला घेतलं नाही. मुलीला मर्फीची गोष्ट सांगाल तेव्हा ही अर्धी गोष्ट गाळू नका. आयलीनचं मी शेवटी पुन्हा सांगणार आहे.

त्यानंतर ‘ट्वेंटीएट डेज लेटर’, २००२. दिग्दर्शक डॅनी बॉइल. सायकलवरून टपाल पोचवणारा एक पोरगा इस्पितळात बेशुद्धीतून जागा होतो आणि लंडन ओस पडलंय. वेस्टमिन्स्टर पुलावरून तो एकटा चालत जातो, तो प्रसंग मी वर्गात हमखास दाखवतो. २००१ च्या उन्हाळ्यात भल्या पहाटे, काही काही मिनिटं रहदारी थोपवून तो टिपला होता. कॅमेरा कॅननचा एक्सएल-१, म्हणजे साधा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा, आजच्या कुठल्याही मोबाइलपेक्षा कमी स्पष्ट. एवढ्या लांबच्या दृश्यात त्या कॅमेऱ्यावर चेहरा म्हणजे दोन-चार ठिपके. त्याचे ते गाजलेले निळे डोळे तिथे दिसतच नाहीत. दिसते फक्त चाल: इस्पितळाचे ढगळ कपडे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि इतके दिवस पडून राहिलेल्या माणसाचे गुडघे. पावलं जमिनीला विश्वासाने टेकत नाहीत. हाका मारतो तेव्हा हाक आधी येते, मान नंतर वळते. मुलांना मी आवाज बंद करून हा तुकडा दाखवतो आणि विचारतो, याला भूक लागलीय का? सगळे ‘हो’ म्हणतात. ती चाल ‘डिस्को पिग्ज’च्या रिकाम्या रंगमंचावरून आलेली आहे, असं माझं ठाम मत.

चित्रपट अमेरिकेतही जोरात चालला. आपल्याकडचा कुणी नट असता तर मुक्काम हलवला असता. मर्फी नाटकात परत गेला. २००३ मध्ये एडिंबऱ्यात पीटर स्टाइन यांनी बसवलेल्या चेखॉवच्या ‘सीगल’मध्ये कॉन्स्टँटिन, २००४ मध्ये ‘ड्रुइड’ या गॉलवेच्या कंपनीतर्फे आयरिश नाटककार जे. एम. सिंग (Synge) यांच्या ‘प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’मध्ये क्रिस्टी मॅहन, दिग्दर्शन गॅरी हाइन्स यांचं.

‘ओपनहायमर’चे दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांच्याशी गाठ पडली तीही मजेशीर. ‘बॅटमन बिगिन्स’साठी त्याची स्क्रीन टेस्ट झाली ती चक्क बॅटमनच्या भूमिकेसाठी. हा बॅटमन होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. पण टेस्ट चालू असताना सेटवरची माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली, असं नोलन सांगतात. त्या जोरावर त्यांनी स्टुडिओला पटवून त्याला खलनायक केलं. हा धरून नोलनच्या पाच चित्रपटांत तो दुय्यम भूमिकांत होता. २००५ च्या पहिल्या कामापासून ‘ओपनहायमर’मध्ये नाव वर यायला अठरा वर्षं लागली. त्या भूमिकेसाठी त्याने गीता वाचली होती, हेही सांगून टाकतो, आपल्याकडे ते हटकून विचारतात.

२००५ साली तो ‘बॅटमन’मध्येही खलनायक आणि वेस क्रेव्हनच्या ‘रेड आय’मध्येही खलनायक. शिक्का बसायला एवढं पुरतं. पण त्याच वर्षी नील जॉर्डनच्या ‘ब्रेकफास्ट ऑन प्लूटो’मध्ये तो किटन होता, सत्तरच्या दशकातल्या आयर्लंडमधून आईच्या शोधात लंडनला निघालेली, मुलगा म्हणून जन्मलेली व्यक्ती. या भूमिकेसाठी त्याने चार वर्षं आधी ऑडिशन दिलं होतं, आणि जॉर्डननी हा चित्रपट करावा म्हणून तो त्यांच्या मागे लागून होता. पुन्हा तोच लकडा.

आणि २००६ चा ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’, ज्याला कान महोत्सवात पाम दोर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर त्याचं सर्वांत चांगलं काम हेच, ‘ओपनहायमर’ धरून. दिग्दर्शक केन लोच यांची पद्धत अशी की चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने करायचं आणि नटांना पुढची पानं आधी द्यायची नाहीत. आपलं पात्र जगणार की मरणार हे नटाला ठाऊक नसतं. गोष्ट १९२० सालची, त्याच्याच कॉर्क परगण्यातली. लंडनला नोकरीसाठी निघालेला तरुण डॉक्टर इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात ओढला जातो, आणि एक दिवस लहानपणापासून ओळखीच्या एका पोराला फितुरीबद्दल गोळी घालायची पाळी त्याच्यावर येते. त्या प्रसंगात मर्फी जवळजवळ काहीच करत नाही. तोंडात आपल्याच गावची बोली आहे, तिला कसलं वळण द्यायला लागत नाही. गोळी झाडल्यावर तो डोंगराच्या दिशेने चालू लागतो आणि तेव्हा त्याची पाठ बघा. बाकी सगळं सोडून फक्त पाठ.

याच्या उलट वाटेने गेलेले आयरिश नटही आहेत, नाहीतर मुलगी म्हणेल हे मास्तर एकाच माळेचे मणी ओढताहेत. कॉलिन फॅरल मर्फीपेक्षा फक्त सहा दिवसांनी लहान, डब्लिनचा. तो गेइटी स्कूल ऑफ अ‍ॅक्टिंगमध्ये दाखल झाला आणि टीव्ही मालिका मिळाल्यावर तिथून बाहेर पडला. ब्रेंडन ग्लीसन तिशी उलटेपर्यंत शाळामास्तर होते. पॉल मेस्कल गेलिक फुटबॉल खेळता खेळता डब्लिनच्या ‘द लिअर’ या नाट्यशाळेत गेला, २०१७ मध्ये रीतसर पदवी घेऊन बाहेर पडला आणि तीन वर्षांत ‘नॉर्मल पीपल’ या मालिकेने घराघरात पोचला. तेव्हा शाळेत जावं की न जावं, यावर आयर्लंडचा दाखला दोन्ही बाजूंनी देता येतो.

एक गोष्ट मात्र मर्फीकडून घेण्यासारखी आहे, ती म्हणजे तो दरवेळी नव्याने विद्यार्थी होतो. ‘पीकी ब्लाइंडर्स’ या बर्मिंगहॅमच्या गुंडांवरच्या मालिकेतल्या टॉमी शेल्बीसाठी लेखक स्टीव्हन नाइट यांच्या मनात आधी जेसन स्टेथम होता. समोरासमोरच्या भेटीत टॉमी म्हणून स्टेथमच शोभत होता, आणि मर्फी म्हणजे मृदू बोलणारा, शिडशिडीत माणूस. भेटीनंतर मर्फीने नाइटना मोबाइलवर निरोप पाठवला: मी नट आहे, एवढं लक्षात असू द्या. काम मिळालं. मग बर्मिंगहॅमच्या गॅरिसन पबमध्ये नाइटच्या ओळखीच्या लोकांबरोबर बसून त्याने त्यांचं बोलणं, गाणं फोनवर टिपून घेतलं आणि त्यावरून बोली घोटली. तोपर्यंत कारकिर्दीला सतरा वर्षं झाली होती.

आता मुलीबद्दल. ती नापास झालेली नाही, त्यामुळे मर्फीचा दाखला तिला तसाही लागू पडत नाही. पदवी पूर्ण करू द्या, वाद नको. पण लेक्चरं बुडवते यापेक्षा तिला हे विचारा: गेल्या वर्षी एकाच भूमिकेचे किती प्रयोग केलेस? आपल्याकडे एकांकिकेची पोरं तीन महिने तालीम करतात आणि स्पर्धेत तीन-चार प्रयोग झाले की नवी संहिता हातात घेतात. करंडक मिळतो, भूमिका पिकत नाही. तिच्या गटाला सांगा, एक एकांकिका धरा आणि वर्षभर गावोगावी करा, सभागृह नसेल तर वर्गात, अंगणात. पन्नासाव्या प्रयोगानंतर तिला स्वतःलाच कळेल की हे काम तिचं आहे की नाही. माझं काम तेव्हा सोपं होईल, तुमचंही.

आणि आयलीन वॉल्श. चित्रपटातली रंट तिला मिळाली नाही, पण २००२ मध्ये ‘द मॅग्डलीन सिस्टर्स’मध्ये ती क्रिस्पिना झाली. ‘वाट चुकलेल्या’ ठरवलेल्या मुलींना डांबून कपडे धुवायला लावणाऱ्या, नन्सनी चालवलेल्या धुलाईघरांची ही गोष्ट. त्यांतलं शेवटचं डब्लिनमधलं धुलाईघर बंद झालं ते १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ‘डिस्को पिग्ज’ उघडल्यानंतर महिन्याभराने. ‘ओपनहायमर’च्या सेटवर मर्फीने मॅट डेमनला एका छोट्या चित्रपटाची कल्पना ऐकवली, आणि २०२४ मध्ये तो आला: ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’, याच धुलाईघरांवरचा. निर्मात्यांत मर्फी स्वतः. पटकथा एंडा वॉल्शची. मर्फी त्यात कोळशाचा व्यापारी, आणि त्याची बायको आयलीन वॉल्श. पात्राचं नावही आयलीनच. रोज संध्याकाळी तो घरी येतो, बेसिनपाशी उभा राहून बोटांतला, नखांतला कोळसा ब्रशने घासत राहतो, आणि घरात ती त्याच्याकडे न बघता मुलींचं काहीबाही बोलत असते. तो गप्प असतो. त्या दोघांचं बोलणं मी दोनदा नुसतं श्वास ऐकण्यासाठी पाहिलं.